शून्याखालचं पाणी आणि तुळशीचं पान

वसंता, तुझं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाटील दारात उभे राहिले. मला वाटलं, धीर द्यायला आले. बसले, पाणी प्यायले, तुझ्या खोलीकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "आक्का, शाळेच्या सामानाची किल्ली तुमच्यापाशी असन. काचेच्या नळ्या, पाऱ्याची कांडी, थे सारं आता पेटीत घालून ठेवा लागते. सायन्सचा वर्ग बंद करा लागन. मास्तर कुठून आनाव?"

मी किल्ली दिली नाही. सापडत नाही म्हणाले. ती माझ्या कनवटीला होती आणि पाटलांना ते दिसत होतं. "रविवारी कमिटी बसून राह्यली, तवापर्यंत पाहा," म्हणून ते उठले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तू गेलास ते मी अजून पुरतं मानलेलं नाही, आणि हे लोक तुझ्या वर्गाचीही तिरडी बांधायला निघाले. म्हणून तुझ्याशी बोलते आहे. तू लिहायला शिकवलंस, तर आता वाचायचा त्रासही तूच घे.

तुझ्याबद्दल चार माणसांत जे बोललं जातं ते मला बोलायचं नाही. नागपूरला शिकला, मोठ्या शहरातली नोकरी सोडून जानेफळला आला, पोरांचा लाडका होता, हे सगळे सांगतात. सांगोत बापडे. तू सकाळी उठल्यावर तासभर कुणाशी धड बोलत नसायचास, आणि भाजीत मीठ कमी असलं की ताटाकडे असा बघायचास जसं काही ते ताटच गुन्हेगार आहे, हे मला ठाऊक. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर मावत होतास. मी त्याआधीच कपाळ पुसून दुसरबीडला माहेरी परत आलेली. आपल्या दोघांचं एकमेकांवाचून कुणी नव्हतं, त्यामुळे भांडायलाही आपण एकमेकांनाच धरलं.

आणि सगळ्यांत मोठं भांडण त्या तांब्यातल्या पाण्यावरून.

त्या पौषात तू नांदुऱ्याच्या स्टेशनावरून पहिल्यांदा बर्फ आणलास. लाकडाच्या भुशात पुरलेला, वर तरटाचं पोतं. खामगावला मोटार बदलून घरी पोचेपर्यंत पोत्यातून धार लागलेली. तो अंगणात ठेवलास तेव्हा मी पदर आवरून लांब उभी राहिले. कुणाच्या हातचं पाणी, कुणी गोठवलं, कुणाकुणाचे हात लागले, देव जाणे.

तू हसलास. "काऊन वं आक्का, दुसरबीडले गारा पडल्या व्हत्या तवा पदरभरून येचल्या तू. थ्या कोनाच्या हातच्या व्हत्या?"

"त्या आभाळातल्या."

"आभाळात सोवळ्यानं करते काय कोनी?"

मी बर्फाला शिवले नाही. तू एकट्याने तो फोडलास, बादलीत खडे मीठ घालून कालवलास आणि त्यात काचेच्या दोन बारीक नळ्या उभ्या केल्यास. पाणी तू आदल्या दिवशीच उकळून, फडक्याने गाळून ठेवलं होतंस. शाळेसाठी एक प्रयोग बसवायचा होता तुला. पाणी शून्यावर गोठतं असं पुस्तकात असतं. पण ते निर्मळ असलं, त्याला कुणी छेडलं नाही, तर शून्याच्या पुष्कळ खाली जाऊनही पाण्यासारखं पाणीच राहतं, हे तुला पोरांना डोळ्यांनी दाखवायचं होतं.

एक नळी राहिली तशी. पारा शून्याखाली दहाच्याही पुढे गेला तरी पाणी आपलं नितळ. दुसरी मात्र सहा-सातावरच एकदम पांढरी पडली. तू चरफडलास. पाणी एका विहिरीचं, एकाच पातेल्यात उकळलेलं, मग हा दुजाभाव कशाचा? पुन्हा केलंस, पुन्हा तेच. नळी धुतलीस, नळ्यांची अदलाबदल केलीस. कपाळावर आठ्या घालून तू अंगणात येरझारा घालत होतास आणि बर्फ तुझ्यासमोर वितळत होता. मग तू माझ्याकडे वळलास.

"आक्का, या दुसऱ्या नळीतलं पानी मी थ्या देवघरातल्या तांब्यात निवाले ठेवलं व्हतं. त्यात तू काही घातलं?"

घातलं होतं. तुळशीचं पान घातलं होतं. आपल्या घरात पाणी नुसतं उघडं कधी ठेवलं जातं का रे? तांब्या देवघरातला, त्यात पाणी, म्हणजे वर पान आलंच. माझ्या हाताला ते सांगावं लागत नाही. त्यासाठी तू माझ्याकडे मी अपराधी असल्यासारखं बघावंस असं त्यात काही नव्हतं, आणि आजही नाही असंच माझं म्हणणं आहे.

पण तू रागावला नाहीस. वृंदावनापाशी जाऊन एक पान घेतलंस, त्याचा नखाएवढा तुकडा केलास आणि त्या न गोठलेल्या नळीत सोडलास. पान पाण्याला लागलं मात्र, त्याच्या कडेपासून पांढऱ्या सुया निघाल्या आणि बघता बघता अख्खी नळी दुधासारखी झाली. आणि पारा वर चढला. थंडी वाढायच्या ऐवजी पारा वर चढून शून्यावर येऊन बसला. मला ते मुळीच आवडलं नाही, सांगते. जरा भ्यायलेच मी.

नंतर तू खडूची भुकटी घालून बघितलीस, काही झालं नाही. कडुलिंबाचं पान आणेपर्यंत बर्फ संपला होता.

फाल्गुनात अमरावतीहून इन्स्पेक्टर येणार ठरलं तेव्हा तू तोच प्रयोग निवडलास. मी म्हटलं, सोपं काही दाखव. दिवा, काचेचा पेला, मेणबत्ती असलं काही. तू ऐकतोस कसला. साहेबाच्या शेऱ्यावर सायन्सला मान्यता मिळणार किंवा वर्ग उठणार, आणि वर्ग उठला तर मी राजीनामा देईन असं तू भर कमिटीत बोलून बसलेला. पुन्हा नांदुरा, पुन्हा भुसा, पुन्हा पोतं. एकादशीला साहेब यायचे होते. एकादशीला ते आले नाहीत. त्यांची मोटार मेहकरला बिघडली, उद्या सकाळी येतो असा निरोप आला. त्या दिवशी तू जेवला नाहीस. माझा उपास होता, तुझा नव्हता, तरी तू जेवला नाहीस. पोत्यात हात घालून घालून बघत होतास की किती उरला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाएवढा उरला होता. तू न्हाऊन, कोट चढवून वृंदावनापाशी आलास आणि मी आडवी झाले.

"आज द्वादशी आहे," मी म्हटलं.

तुला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तुझा चेहरा उतरला. द्वादशीला तुळस खुडत नाहीत. कालची खुडलेली पानं मी पहाटेच देवाला वाहिली होती, आणि वाहिलेलं पान मी काचेच्या नळीत घालू देणार नव्हते.

"आक्का, एक पान. साहेब येऊन राह्यले. माह्या साऱ्या वर्गाचं जीवन याच्यावर हाय."

"दुसऱ्या कशाचं घे."

"दुसऱ्याचा भरवसा नाई मले. एकदाच करून पाह्यलं, थेही हेच पान. साहेबासमोर कडुलिंबाचं पान टाकलं अन् काहीच झालं नाई त?"

तू हात पुढे केलास. मी तुझं मनगट धरलं. दोघेही तसेच उभे राहिलो, रे. तू मला सहज बाजूला सारू शकला असतास. तू ते केलं नाहीस, त्याचं मोल मला त्या क्षणी कळलं नाही असं नाही; कळलं, पण मी तुला सांगितलं नाही. मी खाली वाकले आणि वृंदावनाच्या मुळाशी पडलेली दोन-तीन पानं उचलली. काळी पडलेली, ओलाव्याने कुजायला लागलेली.

"गळलेलं चालतं. हे कुणी खुडलं नाही, कुणाला वाहिलं नाही."

"हे त सडलं."

"तुळस शिळी होत नाही," मी म्हटलं.

तू ती पानं कागदात गुंडाळलीस आणि माझ्याकडे न बघता गेलास. मला तुझ्या पाठीवरून कळत होतं की तू मनात मला काय काय बोलतो आहेस.

मी शाळेत कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी मागच्या बाजूने गेले आणि खिडकीशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. आत पाटील, कमिटीचे लोक, हेडमास्तर, सगळी पोरं. साहेब खुर्चीत. तू नळ्या उभ्या केल्यास, मीठ घातलंस, आणि मला लांबूनही दिसलं की बादलीत बर्फ कमी आणि पाणीच जास्त आहे. पारा शून्याखाली चारापाशी येऊन थांबला. तू ढवळत होतास आणि पारा हलत नव्हता. घरी सहा-सातावर गोठलं होतं ना? त्याहून वर काय होतं ते तुलाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी घड्याळ काढलं.

तू म्हणालास, "साहेब, हे पाणी शून्याखाली आहे आणि तरी पाणीच आहे."

साहेब उठून जवळ आले. "पाणी शांत ठेवलं की असं राहतं, मास्तर. आता कशाचाही कण पडला की गोठेल. त्यात विशेष काय?" आणि त्यांनी फळ्याखालचा खडू घेऊन बोटांनी चुरला आणि एका नळीत टाकला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पाणी गढूळ झालं. गोठलं नाही.

साहेब जरा गोरेमोरे झाले. पोरांत कुणीतरी खोकलं. तू खिशातून कागद काढलास, चिमट्याने कुजलेल्या पानाचा तुकडा धरलास, आणि मी डोळे मिटले. मला बघवेना. वर्ग उठणार, तू बाडबिस्तरा बांधून नागपूरला जाणार, आणि जन्मभर म्हणणार की आक्काच्या द्वादशीने घात केला.

मग आतून पोरांचा एकच गलका झाला, त्यावरून मला कळलं.

मी बघितलं तेव्हा नळी पांढरी होती आणि साहेब ती उलटी करून बघत होते. ते म्हणाले, "खडूनं झालं नाही, पानानं झालं. का?"

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. हेडमास्तरांनी तुला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी सांग म्हणून. तू म्हणालास, "माहीत नाही, साहेब. शोधतो आहे." पाटलांनी कपाळाला हात लावला. एवढं सगळं करून मास्तर भर सभेत माहीत नाही म्हणतो. साहेबांनी नळी खाली ठेवली. शेरा लिहिला, दुमडला, बरोबर घेऊन गेले. चैत्र लागला तरी काही कळलं नाही, आणि त्या दिवसांत तू माझ्याशी आणि मी तुझ्याशी मोजकंच बोललो. मग मान्यता आली. तू घरात शिरलास, माझ्या पाया पडलास आणि लगेच म्हणालास, "पन थे तुळशीमुळे नाई झालं, आक्का. सडल्यामुळे झालं."

तिथून जे सुरू झालं ते संपलं नाही.

पुढच्या थंडीत तू कडुलिंब, कपाशी, बाभूळ, सगळ्यांची पानं कुजवून बघितलीस. सगळ्यांनीच पाणी गोठत होतं, कुठे चारावर, कुठे आणखी वर. ताज्या पानाला तेवढा जोर नव्हता. मला हे सांगताना तुझा आनंद असा, की मला हरवलंस. मी म्हटलं, देव सगळ्या झाडांत आहे, त्यात नवल काय. तू कपाळावर हात मारून घेतलास.

तू मला समजावायचास, आणि चिडून समजावायचास. पाण्याचे कण सैरावैरा असतात. गोठायचं म्हणजे त्यांना ओळीने बसावं लागतं, पण कुठे बसायचं ते त्यांना सुधरत नाही. पंगतीला माणसं जमतात, पण पाट मांडल्याशिवाय कुणी बसत नाही, तसं. खडूचे पाट वेडेवाकडे, त्यावर ते बसत नाहीत. पानात मात्र कुठला तरी सेंद्रिय पदार्थ असला पाहिजे, जिवंत वस्तूतून आलेला, ज्याचे पाट पाण्याच्या मापाचे आहेत. तो कुठला, ते तुला शोधायचं होतं. शेतातला असला पाचोळा वावटळीने वर जात असेल, ढगात शिरत असेल आणि त्याच्याच गारा होत असतील, असंही तू म्हणायचास. हेडमास्तर हसले त्यावर. मी नाही हसले. आपल्या वावरातला पाचोळा आभाळात जाऊन गारा होऊन परत येतो, हे मला पटलं होतं. तुला सांगितलं मात्र नाही.

मग तू ते कुजलेलं पान पाण्यात चांगलं उकळलंस आणि त्याचा जोर गेला. कितीही थंड केलं तरी पाणी ढिम्म. त्या दिवशी मी जिंकले होते, वसंता. मी म्हटलं, "बघ. उकळलं, जीव गेला, गुण गेला. पानात प्राण होता."

"प्राण नाई, आक्का. पदार्थ. उकळल्यानं त्याची घडी मोडली."

"घडी मोडली म्हणजेच प्राण गेला."

"मंग सडलेल्या पानात प्राण कुठून आला? थे त मेलेलंच व्हतं."

मी पोळी उलटत बसले. तू तिथेच चुलीसमोर बसून होतास. कुजण्यात काहीतरी जिवंत असतं का, असं तू स्वतःशीच म्हणालास आणि हात धुवायला उठलास. पुढच्या थंडीत ते बघायचं ठरलं.

पुढची थंडी कुठली? वैशाखात ताप आला. मेहकरच्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला, डोक्यावर बर्फ ठेवा म्हणाले, आणि पाटलांनी माणूस नांदुऱ्याला पिटाळला. बर्फ आला तेव्हा घरात मी एकटी होते. मी फोडला, फडक्यात बांधला, तुझ्या कपाळावर धरला. माझी बोटं बधिर झाली तरी धरून राहिले. तू डोळे उघडलेस, माझ्या हाताकडे बघितलंस आणि बारीक हसलास. थट्टा करणार होतास, मला दिसत होतं ते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती थट्टा तुझ्याकडे राहिली. तेवढी एक ऐकायला मिळाली असती तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

मी तुझ्यावर खूप रागावले आहे. तू माझ्या अर्ध्या वयाचा, आधी जाण्याचा तुला हक्क नव्हता. आणि तरी तुझ्यामुळे मला या वयात चार अक्षरं आली, पाऱ्याची कांडी वाचता आली, आणि दिवसभर कुणाशी तरी वाद घालत राहण्याचं सुख मिळालं. माझ्यासारख्या बाईला लोक काम सांगतात, आशीर्वाद मागतात. तिच्याशी वाद कोण घालतं? तू घातलास. माझं म्हणणं खोडून काढायला तू नांदुऱ्याहून बर्फ वाहून आणलास.

काल रविवार होता. कमिटी शाळेच्या ओट्यावर बसली, आणि मी गेले. पुढच्या दाराने गेले. सगळे उठून उभे राहिले. मी किल्ली काढून समोर ठेवली आणि सांगितलं, सामान पेटीत घालायचं नाही, वर्ग बंद करायचा नाही.

पाटील हळूच म्हणाले, "आक्का, तुमचं दुःख आमाले समजते. पन मास्तर येईन कोन? शहरातला शिकेल पोरगा जानेफळले राहीन कुठी, खाईन काय?"

"माझ्याकडे राहील. वसंताची खोली आहे. माझ्या हातचं जेवील."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग पाटलांनीच विचारलं, कारण ते विचारणं त्यांना भाग होतं.

"आक्का, तुमचं सोवळं साऱ्या गावाले माहीत हाय. अन् मास्तर कोन्या जातीचा आला त?"

मी ओट्याच्या खांबाला धरलं.

"त्याले सायन्स आलं पायजे," मी म्हटलं.

जाहिरात द्यायचं ठरलं. शाळा उघडेपर्यंत वर्गाला कुणी हात लावणार नाही. कुणी येईल की नाही देव जाणे, पण मी तुझ्या खोलीला सारवण घातलं आहे. येईल त्याला पहिल्याच दिवशी जेवताना मी सांगणार आहे की पाणी गोठतं ते पानातल्या प्राणामुळे. तो मान खाली घालून "हो, आक्का" म्हणाला, तर मी त्याला दुसऱ्या दिवशीच्या मोटारीत बसवून देईन.